सगळ्यांची चित्रे माझ्यासारखीच का होतात?

प्रश्न : मी मिश्र माध्यमात काम करते. कोलाज (चिकटकाम), मोनोप्रिंट (एकच प्रत निघणारा छाप), ॲक्रिलिक, कापड, दोरा, जुनी छापील पाने असे सगळे माझ्या चित्रांत एकत्र येते. काही वर्षे मी एकटीच प्रयोग करत होते. पुढे ओळखीच्या लोकांच्या आग्रहावरून कार्यशाळा घेऊ लागले आणि त्यांना चांगला प्रतिसाद मिळाला. कार्यशाळेत मी माझे एक पूर्ण झालेले चित्र समोर लावते, त्याचे टप्पे करून दाखवते आणि सर्वांना सारखे साहित्य देते. दिवसाच्या शेवटी सगळी चित्रे ओळीने मांडली, की ती माझ्याच चित्रांच्या फिकट प्रती वाटतात. माझ्याकडे शिकून गेलेल्या एका बाईंनी आता स्वतःच्या कार्यशाळा सुरू केल्या आहेत आणि त्या माझेच तंत्र शिकवतात. काही तंत्रे यापुढे कोणालाच दाखवू नयेत, असे आता मनात येते. याहून मोठी चिंता अशी, की गेले वर्षभर माझ्या हातून एकही खरा प्रयोग झालेला नाही. जे करते ते पुढच्या वर्गाची तयारी म्हणूनच. शिकवणे थांबवावे का? जाता जाता आणखी एक : पूर्वी विकलेले माझे एक कोलाज पिवळे पडले असून त्याचा एक कोपरा सुटला आहे, असे ते विकत घेणाऱ्या गृहस्थांनी कळवले आहे. त्यांना काय सांगावे?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न वगळला, तर बाकीच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. तुम्ही कार्यशाळेत तुमचे चालू काम शिकवता. ज्या पद्धतीची चित्रे तुम्ही सध्या करत आहात, तीच पद्धत, तोच क्रम आणि तेच साहित्य तुम्ही टेबलावर मांडता. त्यामुळे शिकणारा शोधाचा रस्ता न चालताच तुमच्या मुक्कामावर येऊन पोहोचतो, आणि त्याला तो मुक्काम पुन्हा पुन्हा दाखवता यावा म्हणून तुम्हालाही तिथेच थांबून राहावे लागते. शिकवणे थांबवू नका. मात्र जे तंत्र तुमच्या हातात पूर्ण मुरले आहे ते काहीही हातचे न राखता शिकवा, आणि ज्याचा शेवट तुम्हालाच अजून ठाऊक नाही ते वर्गात आणू नका. सध्या तुमच्याकडून नेमके याच्या उलट घडते आहे : मुरलेले तंत्र लपवावेसे वाटते आणि कच्चा प्रयोग मात्र पुढच्या वर्गाच्या कामी लावला जातो.

सारख्या दिसणाऱ्या चित्रांचे आधी पाहू. यात शिकणाऱ्यांचा दोष फारसा नाही. समोर पूर्ण झालेले चित्र टांगलेले आहे, हातात तेच कागद आणि तेच रंग आहेत, वेळ दिवसभराचाच आहे आणि संध्याकाळी सर्वांसमोर आपले काम मांडायचे आहे, अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस समोरच्या चित्राच्या जवळ जाण्याचाच प्रयत्न करील. तुम्ही तोंडाने ‘तुमचे स्वतःचे काहीतरी करा’ असे कितीही सांगितले, तरी भिंतीवरचे चित्र ‘असे करा’ हेच सांगत असते, आणि त्याचा आवाज तुमच्या आवाजापेक्षा मोठा असतो.

चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स यांची शिकवण्याची पद्धत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत ते 1923 पासून प्राथमिक अभ्यासक्रम शिकवत. त्यांच्या एका विद्यार्थ्याने पहिल्या तासाची आठवण लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले, प्रत्येकाला कागद वाटला आणि सांगितले, की या कागदाचे असे काही करा, की तो आता आहे त्याहून अधिक काही होईल; कागदाचा स्वभाव ओळखा, त्याचा मान राखा, आणि शक्य असेल तर कात्री, सुरी, गोंद वापरू नका. मग ते निघून गेले. परत आले तेव्हा कोणी किल्ला केला होता, कोणी जहाज, कोणी मुखवटा. हे सगळे दुसऱ्या एखाद्या साहित्यात अधिक चांगले झाले असते, असे म्हणून त्यांनी ते बाजूला सारले, आणि ज्या मुलाने कागदाला केवळ लांबीच्या दिशेने घडी घालून तो उभा केला होता त्याचे काम वाखाणले, कारण आडवा असताना लोळागोळा होणारा कागद घडी पडताच ताठ उभा राहतो, ही कागदाचीच शक्ती त्या मुलाला सापडली होती. या साऱ्या तासात आल्बर्स यांचे स्वतःचे चित्र कुठेही नाही, हे तुम्ही लक्षात घ्यावे.

त्याचा परिणाम काय झाला तेही पाहण्यासारखे आहे. 1933 मध्ये बाउहाउस बंद पडल्यावर आल्बर्स अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये गेले. तिथे 1948 मध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग हा पुढे नावारूपाला आलेला अमेरिकन चित्रकार त्यांच्या हाताखाली आला. गुरू पुढे आयुष्यभर एकात एक बसवलेले रंगांचे चौकोन अत्यंत शिस्तीने रंगवत राहिले. शिष्याने भरलेली बोकडाची कातडी, मोटारीचे टायर, रजई, छापील छायाचित्रे यांना रंगचित्रात आणून बसवले. आल्बर्स हे आपले सर्वांत महत्त्वाचे शिक्षक होते आणि त्यांनी शिकवले त्याच्या नेमके उलट आपण करतो, असे राउशेनबर्ग सांगत असे. कागदी तुकड्यांची टपालकला करणारा रे जॉन्सन त्याच कॉलेजातला, आणि पुढे येल विद्यापीठात आल्बर्स यांच्याकडे शिकलेली एव्हा हेसे रबराच्या चिकापासून शिल्पे करणारी. या तिघांची कामे शेजारी ठेवली, तर ती एकाच शिक्षकाच्या वर्गातून निघाली आहेत यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. आल्बर्स स्वभावाने कडक होते आणि त्यांच्या वर्गात सगळ्यांनाच सुख वाटत असे, असेही नाही. पण त्यांनी साहित्याचे वागणे शिकवले, स्वतःची शैली शिकवली नाही.

आता हे तुमच्या कार्यशाळेत कसे आणायचे ते सांगतो. तुमचे पूर्ण झालेले चित्र सकाळी लावू नका. लावायचेच असेल, तर सर्वांचे काम संपल्यावर लावा, किंवा त्याऐवजी त्या चित्रापूर्वी तुम्ही केलेल्या चाचण्यांचे तुकडे मांडा. त्यांतले फसलेले तुकडे तर आवर्जून मांडा, कारण शिकणाऱ्याला सर्वांत अधिक शिकवून जाते ते कुठे, काय आणि कशामुळे बिघडले याचे दर्शन. दिवसाचा पहिला अर्धा भाग चित्र करण्यास सक्त मनाई करा. त्या वेळात केवळ एका साहित्याची चौकशी होऊ द्या.

कागदच घ्या. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने लागलेले असतात. त्या दिशेने फाडला तर कागद बराच सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो, म्हणूनच एका बाजूला गोंद लावून चिकटवलेला कागद वाळताना पुठ्ठ्याला वाकवतो, आणि तो वाकू नये म्हणून पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तसाच कागद त्याच दिशेने चिकटवावा लागतो. छापील रंगीत कागद आपल्याकडे ओढत फाडला तर एका तुकड्याला पांढरी किनार येते आणि दुसऱ्याला येत नाही. चिकटवलेला थर वाळल्यावर ओला करून अर्धवट उपटला, की खालचा थर डोकावू लागतो. पॉलिश कागदाने घासला, की वेगळाच पोत मिळतो. एवढ्याच गोष्टी प्रत्येकाने आपल्या हाताने करून पाहिल्या आणि हाताएवढ्या पट्ट्यांवर त्यांची नोंद ठेवली, तर सकाळ कशी गेली हे कळणार नाही. दुपारी त्याच पट्ट्या फाडून, कापून, एकमेकांत अदलाबदल करून त्यांतूनच रचना करायला सांगा. रचनेसाठी तुमचे चित्र समोर नसेल, तर नजर आपोआप स्वतःच्या पट्ट्यांकडे वळते. पुठ्ठ्यात कापलेली लहान रिकामी चौकट पट्ट्यांवरून फिरवून कोणता भाग ठेवण्याजोगा आहे हे शोधण्याची युक्ती जुनी आहे, पण नवख्या माणसाचे भय घालवायला तिच्याइतके सोपे साधन मला तरी माहीत नाही.

सर्वांना सारखे साहित्य देण्याची पद्धतही सोडा. तयार संच वाटले की व्यवस्थापन सुटसुटीत होते हे मान्य, पण संच वाटला म्हणजे निम्मे निर्णय तुम्हीच घेऊन टाकलेले असतात. आधार म्हणून पुठ्ठा, गोंद, पांढरा आणि काळा रंग एवढेच तुम्ही द्या. कागद, कापड, छापील मजकूर, नको असलेली छायाचित्रे ज्याची त्याने आणावीत. साहित्य मोकळे आणि नियम कडक, असे ठेवा. नियम अगदी साधे चालतात : आज फक्त दोन रंग, आज कात्री नाही, आज प्रत्येक थराचा निदान अर्धा भाग पुढच्या थराखाली झाकलाच पाहिजे. बंधनातून नवे माध्यम कसे उघडते याचे फार मोठे उदाहरण म्हणजे बंगाली चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी. 1957 मध्ये त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी बोटांनी कडा चाचपत, रंगीत कागद कापून कोलाज केले. कार्यशाळेतले बंधन अर्थातच खोटे असते आणि संध्याकाळी संपते, तरीही हाताची जुनी सवय मोडायला तेवढे पुरते.

दुसऱ्याच्या कागदाला हात लावू नका. शिकवणाऱ्याने ‘थांबा, एवढेच करून देते’ म्हणत ओढलेली एक रेघ त्या चित्राची मालकी बदलते, आणि ओळीतल्या प्रत्येक चित्रात अशी एकेक रेघ असेल, तर ती सारखी दिसतात यात नवल नाही. दाखवायचेच असेल तर वेगळ्या तुकड्यावर दाखवा. तसेच, प्रत्येक कामाला ‘छान’ म्हणण्याची जी रीत कार्यशाळांतून रूढ झाली आहे, ती मला पटत नाही. त्यापेक्षा या चित्रात तुम्ही सर्वांत शेवटी काय झाकले, आणि ते का झाकले, असे विचारावे. उत्तर देताना माणूस स्वतःच्या निर्णयाकडे प्रथमच पाहतो. सहकलाकारांना प्रेरणा मिळावी, असे कार्यशाळांच्या माहितीपत्रकांत नेहमी लिहिलेले असते. ती मिळालीच, तर बहुधा अशा एखाद्या प्रश्नातून मिळते.

आता तंत्र लपवण्याविषयी. तंत्र कोणाच्याच मालकीचे राहत नाही, आणि कलेच्या इतिहासात ते राहिलेले नाही. ऑस्कर दोमिंगेझ याने 1930 च्या दशकात ओल्या रंगावर दुसरा कागद दाबून उचलण्याचे तंत्र अतिवास्तववादी चित्रकारांमध्ये आणले. माक्स अर्न्स्टने ते लगेच उचलले आणि त्या आपोआप उमटणाऱ्या शेवाळी पोतांतून पुढे विध्वस्त भूप्रदेशांची अशी चित्रे काढली, जी दोमिंगेझला सुचलीही नसती. तंत्र तेच, पण कुठे थांबायचे आणि उमटलेल्या डागात काय पाहायचे हा निर्णय अर्न्स्टचा होता. तुमच्याकडे शिकून गेलेल्या बाई तुमचे तंत्र शिकवतात म्हणजे त्या तुमचा निर्णय शिकवतात, असे होत नाही. तो त्यांना शिकवताच येणार नाही. मात्र तुम्ही लिहून दिलेल्या टिपा, तुमच्या चित्रांची छायाचित्रे आणि तुमच्या कार्यशाळेचा मजकूर त्या वापरत असतील, तर प्रश्न वेगळा आहे. स्वामित्वहक्काचा कायदा पद्धतीला संरक्षण देत नाही, पण लिहिलेल्या मजकुराला आणि प्रतिमेला देतो. तसे घडत असेल, तर तिसऱ्याकडे तक्रार करण्यापूर्वी त्यांना सरळ पत्र लिहा आणि काय चालेल, काय चालणार नाही हे स्पष्ट सांगा. तसे घडत नसेल, तर त्यांना शुभेच्छा द्या आणि हा विषय डोक्यातून काढून टाका. त्यात खर्च होणारे लक्ष तुम्हाला दुसरीकडे हवे आहे.

तरीही काही काळ काही गोष्टी स्वतःजवळ ठेवण्यात गैर नाही, आणि येथे 1912 सालची एक हकिगत सांगण्याजोगी आहे. त्या वर्षी वसंतात पिकासोने वेताच्या विणीचे छापील चित्र असलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले आणि दोरखंडाची चौकट केली. त्याच उन्हाळ्यात तो आणि त्याचा चित्रकार मित्र जॉर्ज ब्राक दक्षिण फ्रान्समध्ये शेजारी काम करत होते. ब्राकला ॲव्हिन्यनच्या एका दुकानात लाकडाच्या रेषांचा छापील भिंतकागद दिसला होता. पण त्याने तो लगेच वापरला नाही. पिकासो पॅरिसला निघून जाईपर्यंत तो थांबला, आणि मग एकट्याने त्या कागदाच्या पट्ट्या कोळशाच्या रेखाटनात चिकटवून पाहिल्या. काही आठवड्यांतच पिकासो त्याला पत्राने कळवत होता, की तुझी ती कागदाची आणि धुळीची नवी पद्धत मीही वापरतो आहे. दोघे एकमेकांपासून काही लपवत नसत, असा त्यांचा लौकिक होता, आणि तरीही कल्पना कच्ची असताना ब्राकला ती कोणाच्याही नजरेखाली नको होती. ती आकाराला आल्यावर मात्र त्याने ती मोकळी सोडली. हा कालावधी तुम्हीही स्वतःला द्यायला हवा.

म्हणून स्वतःच्या प्रयोगांसाठी एक साधा नियम करा. एखादी नवी गोष्ट सापडली, की तुमच्या निदान काही पूर्ण चित्रांत ती वापरून होईपर्यंत, ती कुठे साथ देते आणि कुठे दगा देते हे कळेपर्यंत, ती कार्यशाळेत जाणार नाही. तुमची अडचण अशी झाली आहे, की काहीतरी हाती लागताच ‘हे शिकवता येईल’ असा विचार मनात येतो, आणि शिकवता येण्यासाठी ती गोष्ट सोपी, क्रमवार आणि हमखास जमणारी करावी लागते. प्रयोग मात्र हमखास जमू लागला, की तेथेच संपलेला असतो. वर्गाची तयारी आणि स्वतःचे काम यांचे दिवस वेगळे करा, शक्य असेल तर टेबलही वेगळे करा. आणि कामाच्या दिवशी वर्गासाठी म्हणून एकही छायाचित्र काढू नका. काम चालू असताना ते दाखवण्याजोगे दिसते का, याकडे गेलेली नजर परत आणणे फार कठीण असते.

पुन्हा सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मोठ्या चित्रापासून करू नका. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड पुठ्ठे कापून घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. उदाहरणार्थ, छापील प्रतिमा उतरवण्याचे तंत्र तुम्ही शिकवत असालच : लेझर प्रिंटरवर काढलेली प्रत ॲक्रिलिक जेलच्या (घट्ट, पारदर्शक लेपाच्या) ओल्या थरावर पालथी दाबायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि मग कागद भिजवून बोटाने चोळत काढून टाकायचा, म्हणजे टोनर (लेझर प्रिंटरची कोरडी शाई) जेलमध्ये अडकून राहतो आणि प्रतिमा उलटी उमटते. वर्गात तुम्ही हे नीट उमटेल असेच दाखवता. आता ते मुद्दाम बिघडवा. एका पुठ्ठ्यावर जेल अर्धवट वाळल्यावर कागद दाबा, दुसऱ्यावर पूर्ण वाळण्यापूर्वीच उपटा, तिसऱ्यावर खाली दोऱ्याचे जाळे ठेवा, चौथ्यावर तीच प्रतिमा थोडी सरकवून दोनदा उतरवा, पाचव्यावर कागदाचा पांढरट पापुद्रा न काढता त्यावरच पातळ रंगाचा हात द्या. प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे तारीख, साहित्य, थरांचा क्रम आणि वाळायला दिलेला वेळ लिहा. ही नोंद कंटाळवाणी असते, पण ती नसेल तर चांगला अपघात पुन्हा घडवता येत नाही आणि वाईट अपघात पुन्हा पुन्हा घडतो. अशा पुठ्ठ्यांतले बहुतेक टाकाऊच निघतील. एखादा असा निघेल, जो तुम्हाला समजणार नाही, आणि पुढचा महिना त्याच्यामागे जावा.

याशिवाय, ज्यांना तुम्ही शिकवत नाही अशा दोन-तीन कलाकारांशी देवाणघेवाण सुरू करा. रे जॉन्सन आपली अर्धी कोलाज आणि रेखाटने टपालाने ओळखीच्या माणसांना पाठवत असे आणि त्यांवर स्वतःची भर घालून ती परत करा किंवा पुढे पाठवा, अशी सूचना त्यावर लिहीत असे. हे तुम्हाला सहज करता येईल. तुम्ही अर्धवट सोडलेला पुठ्ठा दुसऱ्याकडे जावा, त्याने त्यावर काहीतरी झाकावे, फाडावे, जोडावे, आणि तो तुमच्याकडे परत यावा. तुमचा आवडता कोपराच त्याने रंगाखाली घातलेला असेल आणि तुम्हाला राग येईल, येऊ द्या. वर्गात तुमचे म्हणणे सगळेच ऐकतात, त्यामुळे तिथे तुम्हाला अडवणारे कोणी नसते. तुम्हाला सध्या अडवणाऱ्यांची गरज आहे, आणि ते बरोबरीचे असावेत.

राहिला पिवळ्या पडलेल्या कोलाजचा प्रश्न. तुम्ही जुनी छापील पाने वापरता असे लिहिले आहे. त्यांत वर्तमानपत्राचा कागद असेल, तर तो पिवळा पडणारच होता. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन राहते. प्रकाश आणि हवा यांमुळे ते काळवंडते आणि कागद आम्लयुक्त व ठिसूळ होतो. दोन्ही बाजूंनी मॅट मीडियम (चमक नसलेला पारदर्शक ॲक्रिलिक लेप) लावल्याने हे थांबत नाही. अतिनील किरण अडवणारे वार्निश आणि थेट उन्हापासून दूरची जागा यांमुळे ते लांबते एवढेच. यापुढे मूळ पानाऐवजी त्याची लेझर प्रत आम्लविरहित कागदावर काढून ती वापरा. इंकजेटच्या प्रतीची शाई ओल्या मीडियमखाली बहुधा पसरते, म्हणून ती टाळा. कोपरा सुटण्याचे कारण थरांच्या क्रमात असू शकते. ॲक्रिलिक पाण्याचे बाष्प होऊन वाळते, तर तैलरंग हवेतील प्राणवायू घेऊन महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. त्यामुळे वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर किंवा ऑइल पेस्टलवर ॲक्रिलिक वा त्याचेच मीडियम लावून काही चिकटवले, तर ते पुढेमागे सुटते. ऑइल पेस्टल तर कधीच पुरते वाळत नाही. मेणाच्या थराचेही तसेच आहे : त्याला शोषून घेणारा पृष्ठभाग लागतो, आणि ॲक्रिलिकच्या गुळगुळीत थरावर त्याची पकड बसत नाही. तुमच्या नोंदी असतील तर त्या चित्रात काय घडले ते कळेल.

विकत घेणाऱ्यांना काय सांगावे, याबद्दल एव्हा हेसेचे उदाहरण देतो. 1970 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती गेली. शेवटच्या काही वर्षांत तिने रबराच्या चिकात भिजवलेल्या कापडाची जी शिल्पे केली, त्यांतली कित्येक आज काळवंडून कडक झाली आहेत आणि हलवणेही धोक्याचे झाले आहे. हे टिकणार नाही याची कल्पना तिला होती. शेवटच्या काळातील एका मुलाखतीत तिने असेही सांगितले होते, की लोक ही कामे विकत घेतात तेव्हा तिला थोडे अपराधी वाटते आणि त्यांना पत्र लिहून हे टिकणार नाही असे कळवावेसे वाटते. ते पत्र तुम्ही लिहा. कोणता कागद वापरला होता, तो का पिवळा पडला, तो रंग पूर्ववत होणार नाही, मात्र सुटलेला कोपरा बसवून देता येईल, हे स्पष्ट लिहा आणि ते काम विनामूल्य करून देण्याची तयारी दाखवा. त्यांनी स्वतः गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये, हे पहिल्याच ओळीत कळवा. चिकटपट्टीचा डाग कागदात उतरला, की तो काढणे तज्ज्ञालाही जड जाते. चित्र आले, की दुरुस्तीपूर्वी त्याची मागची बाजूही पाहा, आणि तिथे काहीच लिहिलेले नसेल तर वापरलेले साहित्य आठवेल तेवढे या वेळी लिहून ठेवा.